गालिचा घेताना

आज मी ज्या खोलीत बसून तुमच्याशी बोलतो आहे, त्या खोलीची जमीन गालिच्यानं झाकलेली आहे. आकाशवाणीच्या स्टुडिओत पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटतं, काय थाट आहे! मीही बऱ्याच वर्षांपूर्वी कविता वाचायला आलो तेव्हा मला तसंच वाटलं होतं आणि मी चपला दाराबाहेर काढून ठेवल्या होत्या. तिथले इंजिनियर साहेब हसले. म्हणाले, "कविराज, घाला चपला. हा पाहुण्यांसाठी नाही, आवाजासाठी आहे." मग त्यांनी समजावून सांगितलं. गुळगुळीत फरशीवर आवाज आपटतो आणि परत येतो, त्यामुळे खोली घुमते. गालिच्याच्या दाट धाग्यांत तो शिरला की तिथंच विरतो. शिवाय पावलांचा, खुर्ची सरकल्याचा आवाज मुळात होतच नाही.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात बसली होती की गालिचा कशासाठी हवा ते आधी ठरवायचं आणि मगच तो घ्यायचा. डोक्यात बसली होती, पण वागण्यात उतरली नव्हती. ती कशी उतरली ते आधी सांगतो, कारण त्याशिवाय माझ्यासारख्या कविता लिहिणाऱ्या माणसानं गालिच्यावर बोलावं याला काही कारण नाही.

आमचं देवरी गाव नागपूर-रायपूर महामार्गावर आहे. हिवाळ्यात या रस्त्यानं गाड्या भरून फिरते विक्रेते येतात. कोणी रजया आणतो, कोणी चिनी मातीची भांडी, कोणी गालिचे. २०१६ च्या फेब्रुवारीत माझ्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. घर नवं बांधलेलं, बैठकीत चकचकीत टाइल्स. नेमका त्याच आठवड्यात एक गालिचेवाला दारात आला. सहा बाय चारचा, मोरपंखी निळा, हात फिरवला की पाण्यासारखा चमकणारा गालिचा त्यानं अंथरून दाखवला. "खालिस कश्मीरी सिल्क है, चाचा. हाथ का काम." अठरा हजार सांगितले आणि साडेसहा हजारांना दिला. मला वाटलं, मी त्याला चांगलाच उतरवला.

पाहुणे आले, बोलणं झालं. सोयरीकही जुळली, ते एक बरं झालं. पाहुणे गेल्यावर मगरिबच्या नमाजची वेळ झाली. अम्मी वजू करून ओल्या पायांनी बैठकीत आली, गालिच्याच्या कोपऱ्यावर तिचा पाय पडला आणि गालिचा तिच्यासकट सरकला. टाइल्सवर पडली. खुब्याचं हाड मोडलं. त्या रात्री तिला घेऊन नागपूरला जाताना मी गाडीत काय काय विचार केला ते इथं सांगत नाही. शस्त्रक्रिया झाली, अम्मी चार वर्षं जगलीही, पण वॉकर धरून. सजदा करण्यासाठी तिचं कपाळ पुन्हा कधी जमिनीला टेकलं नाही. खुर्चीवर बसून नमाज पढायची.

दोष गालिच्याचा नव्हता आणि विकणाऱ्याचाही अर्धाच होता. गालिच्याची पाठ गुळगुळीत, टाइल्स गुळगुळीत, दोहोंमध्ये धरून ठेवणारं काही नाही आणि कोपऱ्यावर माणसाचं वजन. असा गालिचा सरकणारच. त्याच्याखाली घालायची रबराची जाळी मिळते, शे-दोनशे रुपयांची. मला ती ठाऊकही नव्हती. म्हणून आजच्या या बोलण्यातलं पहिलं काम तेच करून टाकतो. घरात साठीपुढचं माणूस असेल आणि जमीन टाइल्सची किंवा पॉलिश केलेल्या शहाबादीची असेल, तर जाळीशिवाय छोटा गालिचा अंथरू नका. न्हाणीघराच्या किंवा वजूच्या वाटेवर तर नकोच. कडा वर वळलेल्या असतील तर त्यांत पाय अडकतो. जो सरकत नाही तो असा पाडतो.

अम्मी दवाखान्यात असताना त्या गालिच्यावर चहा सांडला होता. पुसला तर तिथं पिवळट डाग पडला आणि धागे वाळून काथ्यासारखे ताठ झाले. रेशीम असं वागत नाही, एवढं मलाही कळलं. आणि मग मी हा विषय शिकायला लागलो.

शब्दांपासून सुरुवात केली. कवीला दुसरं काय येतं! 'गालिचा' हा फारसी शब्द. मूळ 'काली' म्हणजे गालिचा, आणि 'चा' लागला की लहान. बगीचा म्हणजे जशी लहान बाग, तसा गालिचा म्हणजे लहान काली. 'कालीन' त्याच घरातला. पण आपण मराठीत सतरंजी, जाजम, गालिचा हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो आणि तिथूनच फसवणूक सुरू होते. सतरंजी म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांचं सपाट विणकाम. तिच्यावर लव नसते, दोन्ही बाजू सारख्या. वऱ्हाडातल्या अकोटच्या सुती सतरंज्या एके काळी नावाजलेल्या होत्या. जाजम हे मोठं जाड कापड, बैठकीला अंथरायचं. आमच्या झाडीपट्टीत लग्न असो की नाटक, बिछायत केंद्रातून येतं ते हेच. गालिचा मात्र वेगळा. त्यात उभ्या धाग्यांवर एकेक गाठ मारतात, गाठीची टोकं वर उभी राहतात आणि त्या टोकांची लव बनते. आपला पाय पडतो तो त्या लवेवर.

ही गाठ मी डोळ्यांनी पाहिली ती आमच्याच जिल्ह्यात. नवेगावबांधच्या पुढे, इटियाडोह धरणाकडे जाताना गोठणगाव लागतं. तिथं तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नॉर्ग्येलिंग नावाची, १९७२ साली वसलेली. आमच्याकडचे लोक तिला नुसतं 'तिबेटी कॅम्प' म्हणतात. जवळच प्रतापगड. तिथं महाशिवरात्रीला महादेवाची यात्रा भरते आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनींचा दर्गाही तिथंच आहे, त्यामुळे उरुसाला आमचं जाणं लहानपणापासूनचं. येता-जाता कॅम्पमध्ये डोकावायचो. पत्र्याच्या शेडमध्ये उभे माग होते आणि त्यांच्यापुढे बायका बसून विणत होत्या. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईला सगळे 'आमा-ला' म्हणत, म्हणजे आईसाहेब. मी तासभर तिच्यामागे बसून राहिलो, तरी तिनं हटकलं नाही.

तिबेटी पद्धत बाकीच्यांहून निराळी आहे. इराणी किंवा तुर्की पद्धतीत एकेक गाठ मारून धागा कापतात. तिबेटी विणकर मात्र मागावर एक सळई आडवी धरतो. लोकर उभ्या धाग्यांतून नेतो आणि सळईवरून फिरवून परत आणतो, असं करत पूर्ण ओळ भरतो. मग सळईवरून सुरी फिरवली की सगळे फास एकदम कापले जातात आणि लव उभी राहते. त्यावर आडवा धागा घालायचा आणि लाकडी-लोखंडी ठोकणीनं ठोकून ओळ खाली दाबायची. दिवसभर ही ठोकठोक. पुढं कात्रीनं फुलांच्या, ड्रॅगनच्या कडा कोरल्या की नक्षी उठून दिसते. तीन बाय सहाच्या बिछान्याएवढ्या गालिच्याला ते 'खादेन' म्हणतात. बसायलाही तोच, झोपायलाही तोच. तिबेटच्या पठारावरल्या थंडीत जन्मलेली ही चीज आमच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली विणली जात होती. आमा-लाला मी हिंदीत विचारलं, इथं कोण घेतं हे? ती म्हणाली, "यहाँ कोई नहीं. बाहर जाता है." तिची नातवंडं त्या मागावर बसली नाहीत. हिवाळ्यात शहरात जाऊन स्वेटर विकायचे, शिकून नोकरी करायची, हा त्या पिढीचा रस्ता झाला. त्यांना दोष कोण देणार?

तिथं मी एक हिशेब शिकलो, तो तुम्हाला सांगतो. दुकानात गेल्यावर एवढा एक हिशेब येत असला तरी निम्मी फसवणूक टळते. गालिच्याची वीण एका चौरस इंचात किती गाठी यावर मोजतात. तिबेटी गालिच्यात साधारण साठ, चांगल्या इराणी-काश्मिरी कामात कित्येक शेकडे. आपण मधला आकडा धरू, शंभर. माझा सहा बाय चारचा गालिचा म्हणजे चोवीस चौरस फूट. एका चौरस फुटात १४४ चौरस इंच, म्हणजे झाले ३,४५६. त्याला शंभरानं गुणा. तीन लाख पंचेचाळीस हजार सहाशे गाठी! सरावलेला विणकर दिवसाला सहा-सात हजार गाठी मारतो असं धरलं, तर एका माणसाचे पन्नास ते साठ दिवस झाले. त्यात लोकर, रंग, धुणं, कातरणं, व्यापारी आणि वाहतूक मिळवा. आता सांगा, हाताच्या गाठींचा रेशमी गालिचा साडेसहा हजारांत कसा येईल? आला तर एक तर तो हाताचा नाही, नाहीतर विणणाऱ्याला मजुरीच मिळालेली नाही.

ही दुसरी शक्यताही खोटी नाही. उत्तर प्रदेशातला भदोही-मिर्झापूरचा पट्टा म्हणजे आपल्या देशातल्या गालिच्यांचं माहेर. तिथं मागांवर लहान मुलं राबवली जात, हे ऐंशी-नव्वदच्या दशकांत जगापुढं आलं. कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकारानं १९९४ साली 'रगमार्क' नावाची खूण सुरू झाली, बालमजुरीशिवाय विणलेल्या गालिच्यांना लावायची. पुढं २००९ मध्ये तिचं नाव 'गुडवीव्ह' झालं. सत्यार्थींना २०१४ चं शांततेचं नोबेल मिळालं ते तुम्हाला आठवत असेल. बारीक गाठी मारायला बारीक बोटं लागतात, असं व्यापारी सांगत. त्यात काही अर्थ नाही. उत्तम बारीक काम कायम मुरलेल्या, वयानं मोठ्या कारागिरांनीच केलेलं आहे. लहान बोटं स्वस्त पडतात, एवढंच. महाग हाती-गालिचा घेणार असाल तर अशी खूण आहे का, हे विचारायला लाजू नका.

इतिहासात फार शिरत नाही. अकबरानं आग्रा, फत्तेपूर आणि लाहोरला गालिच्यांचे कारखाने काढले, ते ऐन-ए-अकबरीत नोंदलेलं आहे. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनानंतर युरोपात हिंदुस्थानी गालिच्यांना मागणी आली आणि इंग्रज सरकारनं तुरुंगांतल्या कैद्यांना मागावर बसवलं. आपल्या पुण्याच्या येरवडा तुरुंगात विजापूरच्या आसार महालातल्या जुन्या गालिच्यांच्या नकला विणल्या जात. आग्र्याच्या तुरुंगात व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला, सुमारे दोन टन वजनाचा गालिचा विंडसरच्या राजवाड्यात आहे. त्यावर चालणाऱ्यांना तो कोणी विणला हे किती ठाऊक असेल कोण जाणे.

आता दुकानात जाऊ. गालिचा दाखवला की त्याचा चेहरा बघू नका, तो उलटा करायला सांगा. हाताच्या गाठींचा असेल तर पुढची नक्षी मागंही तशीच दिसते, एकेक गाठ मोजता येते आणि ओळी किंचित वाकड्या असतात. कडेची झालर म्हणजे त्याचेच उभे धागे असतात, वेगळी शिवलेली नसते. यंत्रावरचा असेल तर पाठ आखल्यासारखी सरळ दिसते आणि झालर बहुधा शिलाईनं जोडलेली असते. तिसरा प्रकार फसवा. त्याला टफ्टेड म्हणतात. यात गाठ नसतेच. ताणलेल्या कापडात पिचकारीसारख्या हत्यारानं धागे टोचतात, मागून रबरी डिंक फासतात आणि तो दिसू नये म्हणून वर कापड चिकटवतात. हत्यार माणसाच्या हातात असतं, म्हणून दुकानदार त्यालाही 'हँडमेड' म्हणू शकतो, आणि ते अगदी खोटंही नाही. पण डिंक काही वर्षांनी वाळून भुगा होतो, घरभर पिठासारखा गळतो आणि धागे सुटायला लागतात. पाठीला कापड चिकटवलेलं दिसलं की किंमत पाडून मागा, आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकेल या बोलण्यावर विश्वास ठेवू नका.

मग धागा. झालरीचा धागा सुती असू शकतो, म्हणून तो नको. वरच्या लवेतला एक धागा मागून घ्या आणि दुकानाबाहेर जाऊन काडी लावा. लोकर किंवा रेशीम असेल तर जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. कागद जळल्याचा वास आला तर सूत किंवा व्हिस्कोस. वितळून कडक मणी झाला तर प्लास्टिकच्या जातीचा. माझा मोरपंखी गालिचा मी अखेर असाच तपासला. कागदाचा वास आला. 'आर्ट सिल्क', 'बांबू सिल्क' अशा गोड नावांनी विकतात ते बहुतेक हेच व्हिस्कोस. लाकडाच्या किंवा बांबूच्या लगद्यापासून केलेला धागा. दिसतो देखणा, पण पाण्याशी त्याचं वैर. ओला झाला की त्याचा जीव जातो आणि पिवळा पडतो. ज्या घरात चहा सांडतो त्या घरात तो नको. आणि चहा कुठल्या घरात सांडत नाही?

लोकर ही सगळ्यांत समजूतदार. तिच्यात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे मळ लगेच आत मुरत नाही. पाय उचलला की लव पुन्हा उभी राहते. ठिणगी पडली तर जळते तेवढीच, भडकत नाही. हवेतला ओलावा ती शोषून घेते आणि तरी ओली लागत नाही. दोन खोड्या आहेत. नवी असताना काही महिने तिचे तंतू गळतात, त्यानं घाबरू नका. आणि तिला कसर लागते. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त, धुवायला सोपं, पाणी पीत नाही. पण खुर्चीच्या पायाखाली दबलं की दबलेलंच राहतं, तेलाचा डाग सोडत नाही आणि उदबत्तीची ठिणगी पडली की भोक पडतं. नायलॉन त्याहून चिवट, वर्दळीच्या जागेला चांगलं. ज्यूट फोटोत फार छान दिसतं. आमच्या भागातल्या श्रावणात ते कुजतं.

पावसाळ्याचा विचार आपल्याकडे कोणी करत नाही. गालिच्याची मासिकं दिल्ली-मुंबईत छापतात. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीसुद्धा घाम फुटल्यासारख्या ओल्या असतात, अंगणात चिखल आणि चपलेला धानाच्या बांधीतली माती. अशा हवेत गालिच्यात धुळीतले सूक्ष्म किडे फार वाढतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण दम्याच्या माणसाला रात्री झोपू देत नाहीत. घरात कुणाला दमा असेल, लहान मुलाला सारखी सर्दी-शिंक असेल, तर मी स्पष्ट सांगतो, लवेचा गालिचा घेऊ नका. सुती सतरंजी घ्या. महिन्यातून एकदा धुता येते, उन्हात टाकता येते. आणि भिंतीला लावलेला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चिकटवलेला गालिचा तर आपल्या हवेत कुणीच घेऊ नये. खाली ओल आली तर कळत नाही. वाळवी लागली तर वरची लोकर तशीच दिसते आणि खालचे सुती धागे ती खाऊन मोकळी होते.

मापाची एक सोपी युक्ती आहे. दुकानात जाण्याआधी जुनी वर्तमानपत्रं जमिनीवर मांडा, हवा तेवढा चौकोन करा आणि एक दिवस त्याच्याभोवती वावरा. दार उघडताना अडतं का, पलंगावरून उतरल्यावर पाय कुठं पडतो, सगळं कळतं. बैठकीत सोफ्याचे निदान पुढचे पाय गालिच्यावर यावेत. मध्येच रुमाल टाकल्यासारखा छोटा गालिचा खोलीलाही लहान करतो आणि पायातही येतो. जेवणाच्या टेबलाखाली घालायचा तर खुर्ची मागं ओढल्यावरही तिचे चारही पाय गालिच्यावरच राहिले पाहिजेत, म्हणजे टेबलाच्या चारही बाजूंनी दोन-दोन फूट जास्त. खरं म्हणाल तर जेवायच्या जागी गालिचा हवाच कशाला? आमच्याकडे दस्तरखान जमिनीवर अंथरतात, जेवण झालं की झटकून घडी करतात. वरण सांडलं तर धुऊन टाकलं.

रंगाबद्दल माझं मत विचाराल तर फार फिका नको आणि एकरंगी गडदही नको. फिक्यावर डाग दिसतो, गडदावर धूळ. बारीक नक्षीचा, दोन-तीन रंग मिसळलेला गालिचा आपलं पोटात घालतो. पांढरा रुमाल ओला करून जोरात घासून बघा; रंग रुमालावर आला तर तो उद्या टाइल्सवरही येईल. आणि गालिच्याभोवती फिरून त्याला दोन्ही टोकांकडून बघा. लव एका दिशेला झुकलेली असते, त्यामुळे एका टोकाकडून तो उजळ दिसतो, दुसरीकडून गडद. दोन वेगळे गालिचे आहेत असं वाटावं इतका फरक पडतो. दुकानदार नेहमी देखण्या बाजूनं दाखवतो.

कचेरीचं गणित निराळं. आमच्या एका ओळखीच्या साहेबांनी आपल्या केबिनमध्ये लाल गालिचा घातला. कामाला येणारी माणसं चार कोसांवरच्या पाड्यांतून चालत आलेली असत. दाराशी येऊन ती गालिच्याकडे बघत आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहत. चपला काढाव्यात की नाही तेच त्यांना कळत नसे. म्हणणं बाहेरूनच सांगायचं आणि जायचं. ज्या कचेरीत लोक कामं घेऊन येतात तिथं गालिचा घालूच नये या मताचा मी आहे. दाराशी काथ्याचं चांगलं रुंद पायपुसणं घाला, आत खरबरीत फरशी ठेवा. जिथं संगणक आहेत, फोनवर बोलणं चालतं, वर्दळ आपल्याच माणसांची आहे, तिथं मात्र गालिच्याचा उपयोग होतो. आवाज दबतो, डोकं शांत राहतं. पण तिथं अखंड गालिच्याऐवजी चौकोनी तुकडे घ्यावेत, पन्नास सेंटिमीटरचे मिळतात. एकावर शाई सांडली, एक झिजला, तर तेवढाच काढून दुसरा बसवायचा. चार जास्तीचे आधीच घेऊन ठेवा, कारण नंतर तोच रंग मिळत नाही. लव आखूड आणि न कापलेल्या फासांची असावी; लांब लवेत खुर्चीची चाकं रुततात. वायरी गालिच्याखालून नेऊ नका. पायांनी त्यांचं आवरण झिजतं आणि आग लागली तर कळत नाही.

निगा फार अवघड नाही. सांडलं की घासायचं नाही, कोरड्या सुती कापडानं टिपायचं, कडेकडून मध्याकडे. सहा महिन्यांनी गालिचा फिरवून ठेवायचा, म्हणजे उन्हाची आणि पायांची झीज सगळीकडे सारखी होते. हिवाळ्याच्या कोरड्या उन्हात दोरीवर उलटा टाकून पाठीवर वेताच्या छडीनं हलके बडवायचा. धूळ पुढून खाली पडते. टफ्टेडला मात्र छडी लावू नका, डिंक सुटतो.

आमच्या घरी आता बैठकीत आमा-लाच्या मागावरचा एक जुना खादेन आहे, कॅम्पमधल्याच एका घरातून रीतसर विकत घेतलेला. त्याच्याखाली रबराची जाळी आहे. निळा मोरपंखी कापून मी त्याची पायपुसणी केली. अम्मीच्या खोलीत मात्र तिच्या हयातीतली सुती सतरंजीच आहे, खुर्चीच्या पायांनी चार ठिकाणी झिजलेली. रोहिणी संपत आल्या की, म्हणजे मृगाच्या पहिल्या सरीआधी, आम्ही खादेन दोन दिवस कडक उन्हात देतो, लव आत ठेवून गुंडाळतो. घडी घालायची नाही, घडीवर धागे मोडतात. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला, बाहेरून जुनी सुती साडी, प्लास्टिक नाही. मग दोघांनी धरून माळ्यावर आडवा ठेवायचा, भिंतीपासून हातभर दूर. दसऱ्याच्या सुमारास तो खाली येतो. तोवर चार महिने उघडी फरशी, आणि ती कोरडी ठेवायचं काम माझ्याकडे.